मागची सीट मंडळ

मी जेलात अकरा वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जराशी मागे सरकवतो. मी मुद्दाम थोडा वेळ काही बोलत नाही. मजा घेतो. मग सांगतो, "बाबू होतो हो, बाबू. रजिस्टर लिहायचो." खुर्ची पुन्हा पुढे येते, पण पूर्वीइतकी नाही.

गोंदिया जिल्ह्यातलं आमचं जेल तसं लहानखुरं होतं. कुठलं ते सांगत नाही. त्या गावातले अर्धे लोक मला ओळखतात आणि उरलेल्या अर्ध्यांची नावं मी रजिस्टरात लिहिलेली आहेत. त्या अकरा वर्षांतून एकच माणूस माझ्याबरोबर बाहेर आला आणि अजून माझ्याकडेच मुक्कामाला आहे. झनकलाल रहांगडाले, हवालदार, मुख्य दरवाजा. सगळे त्यांना झनकभाऊ म्हणत. पोरसवदा शिपाई काका म्हणत. ते मला बाबू म्हणत, आणि त्या एका शब्दात माझी सगळी लायकी बसवत.

झनकभाऊ आता नाहीत. माझी बदली राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाली होती, त्यामुळे ते गेल्याचं कळलं तेही तेरवी उरकल्यावर. अजूनही एखादी जुनी फटफटी खोकत रस्त्याने गेली की मी चालू वाक्य सोडून खिडकीशी जातो. एकदा तर चालू मीटिंग सोडून गेलो होतो. दूधवाला निघाला.

माणूस कसा होता म्हणाल, तर दाराएवढा. म्हणजे जेलाच्या मोठ्या दाराला एक छोटं दार असतं ना, वाकून जायचं, तेवढा. मिशा मात्र मोठ्या दाराच्या मापाच्या. दरवाज्यावर येणाऱ्या डब्याची झडती घ्यायचा नियम होता. भाकरी मोडून बघायची, भाजीत चमचा फिरवायचा. झनकभाऊ आधी नळावर जाऊन साबणाने हात धुवायचे, नैवेद्याला हात लावायचा असल्यासारखे, आणि मग भाकरी मोडायचे. एवढी स्वच्छता कशाला, असं नव्या शिपायाने विचारलं तर म्हणायचे, "ज्याच्यासाठी आनली तो खाईल ना गा. त्याले कायले आपल्या हाताची बिडी चाखवू?"

कुणाचा गुन्हा काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "गुन्हा कोर्टानं विचारला. आपून जेवला का विचाराचं."

आणि त्यांची ती फटफटी! टाकीचा रंग कुठला होता यावर स्टाफमध्ये दोन तट होते. चालवणाऱ्याची सीट इतकी फाटलेली की आतला काथ्या बाहेर येऊन बघायचा. मागची सीट मात्र गादीवाल्याकडून नवी भरून घेतलेली, मऊ, वर रेक्झिनचं लाल कव्हर. मी विचारलं, "झनकभाऊ, हे उलटं झालं नाही का?" तर म्हणाले, "पुढच्याले हँडल राहते धराले. मागच्याजवळ काय राहते?"

आता गोष्टीवर येतो. गोष्ट पर्बताबाईपासून सुरू होते.

चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावातून ही म्हातारी मुलाला भेटायला यायची. मुलगा चैतराम आमच्याकडे शिक्षा भोगत होता. घरच्यांनी कैद्याला भेटणं म्हणजे मुलाकात, आणि तिची वेळ होती सकाळी नऊ ते बारा. पर्बताबाईच्या गावाहून निघणारी बस आमच्या स्टँडवर यायची पावणेबाराला, तीही तिच्या मनात असलं तर. तिथून जेल दीड किलोमीटर. म्हातारी पायी. पोचेपर्यंत बारा वाजून वर दहा-वीस मिनिटं. दार बंद.

पहिल्या वेळी ती काही न बोलता परत गेली. दुसऱ्या वेळी रडली. तिसऱ्या वेळी भांडली. मी खिडकीतून ऐकत होतो.

"उघड ना गा दरवाजा. मी का त्याले पळवून नेऊन राहिली?"

"टाइम झाला, माय. मी उघडलो त मलेच आत घालतीन."

"मंग बेस होईल. तू आत जाय, त्याले बाहेर पाठव."

झनकभाऊंना हसू आलं, पण दार उघडलं नाही. नियम मोडणारा माणूस नव्हता तो. म्हातारी समोरच्या मोहाच्या झाडाखाली बसली. पदरात मुलासाठी आणलेले उकडलेले शिंगाडे होते, ते तिने एकेक करून सोलले, आणि एकही न खाता पुन्हा बांधून ठेवले. संध्याकाळी ड्युटी संपवून झनकभाऊ बाहेर आले तर ती स्टँडच्या रस्त्याने चालत निघालेली. त्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, "बस, माय." तिला थेट गावात नेऊन सोडलं. आणि पुढच्या मुलाकातीला, त्यांची सुटी होती, भल्या सकाळी जाऊन तिला घेऊन आले. म्हातारी नवाच्या ठोक्याला दरवाज्यावर हजर! त्या दिवशी मी रजिस्टरात तिचं नाव पहिल्या ओळीवर लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पहिली ओळ कुठली हे कळत होतं. बोट ठेवून म्हणाली, "हे माहंच ना?"

असं तीन-चारदा झालं आणि कुणीतरी जेलाच्या अधीक्षक साहेबांना निनावी पत्र टाकलं. हवालदार कैद्याच्या आईला गाडीवर फिरवतो, यात काहीतरी आहे, चौकशी व्हावी.

आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जेलाच्या नोकराने कैद्याच्या नातेवाइकांशी घसट ठेवायची नाही, हा नियम आहे आणि तो कारणाने आहे. झनकभाऊंच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. खुलासा मागवला गेला. ते माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि सांगू लागले, "लिहा, बाबू. बाई पायी जाऊन राहिली होती. मी त्याच रस्त्यानं जाऊन राहिलो होतो. मागची सीट रिकामी होती." मी टाइप केलं: 'सदर महिला पदभ्रमण करीत असता उक्त वाहनाचे पश्चात आसन रिक्त असल्याचे निदर्शनास आले.' त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे कोन केलं? मी त नाही केलो असं काही."

साहेब पुण्याकडचे. भला माणूस, पण वाक्य इस्त्री करून बोलायचे. "रहांगडाले, तुमचा हेतू चांगला आहे हो. पण उद्या कुणी वाईट हेतूने हेच केलं, तर मी त्याला कुठल्या तोंडाने अडवू?"

झनकभाऊ बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग सगळे मिळून करू जी. चोरी एकटा करते. मांडव सगळा गाव घालते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढे आमचं जे मोटरसायकलवाल्यांचं मंडळ उभं राहिलं, त्याचा जन्म त्या चष्मा पुसण्यात झाला, असं माझं मत आहे.

आमच्याकडे तरणे शिपाई भरपूर होते आणि प्रत्येकाच्या बुडाखाली हप्त्याची चकचकीत मोटरसायकल होती. त्यांचा म्होरक्या तुरकर. काळं जाकीट, काळा गॉगल, गाडीवर कवटीचं चित्र. सुटीच्या दिवशी ही पोरं कचारगडपर्यंत जायची, गाडीसमोर उभं राहून फोटो काढायची आणि परत यायची. झनकभाऊंनी त्यांना गाठलं. "फिराचंच हाये ना तुमाले? मंग मागं एक म्हातारी बसवा ना. पेट्रोल तेवढंच लागते."

पोरं आधी हसली. पण तुरकरची स्वतःची आजी दूरच्या गावी एकटी राहायची. तो हसता हसता थांबला, आणि तो थांबला म्हणून बाकीचे थांबले.

नावावरून मोठी सभा झाली. तुरकरने 'आयर्न गेट रायडर्स' सुचवलं.

"लोखंडी गेट पाहूनच त बायका रडतेत," झनकभाऊ म्हणाले, "अन् तू तेच नावात टाकून राहिला? मागची सीट मंडळ म्हना."

"काका, गणपतीचं मंडळ वाटून राहिलं ना!"

"वाटू दे. वर्गणी त नाही मागत आपून."

साहेबांनी लेखी परवानगी दिली, पण अटी घालून, आणि त्या अटी झनकभाऊंनीच सांगितल्या होत्या. सगळं उघड्यावर, यादी बाबूकडे. आपल्या बराकीतल्या कैद्याच्या घरचं माणूस आपण आणायचं नाही, दुसऱ्याने आणायचं. त्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. आणि शेवटची अट सगळ्यात कडक: सुटलेल्या कैद्याला मंडळाच्या कुणीही गाडीवर घ्यायचं नाही. आत असताना ओळख आणि बाहेर पडताच सलगी, हे दिसायला बरं नाही. ही अट झनकभाऊंनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. मी टाइप केली. आम्हा दोघांनाही ती तेव्हा फार शहाणपणाची वाटली होती.

चहाच्या अटीने पहिल्याच फेरीत दगा दिला. महिन्यातून एका रविवारी आम्ही सगळे मिळून गावोगाव जायचो, कोणाला कधी यायचंय ते लिहून घ्यायला. मी तुरकरच्या मागे, वही पोटाशी धरून, डोळे मिटून. पर्बताबाईच्या अंगणात गाड्या लागल्या आणि तिने चुलीवर आधण ठेवलं. झनकभाऊ म्हणाले, नाही चालत. म्हातारी फुगली. धानाच्या त्या मुलखात दारातून कोरड्या तोंडाने जाणं म्हणजे घराला शिवी देणं. शेवटी झनकभाऊंनी गाडीच्या डिकीतून चहापत्ती, साखर आणि दुधाची पिशवी काढली. आधीच आणली होती! "चूल तुझी, चाय आमची." म्हातारीने सगळ्यांना कप दिले, सगळ्यांनी घोट घेतल्याची खात्री केली आणि मग म्हणाली, "पानी त माह्याच विहिरीचं हाये. आता टाका मले जेलात."

आता कोहमाऱ्याचं सांगतो. हसत सुरू करतो, पुढचं माझ्या हातात नाही.

जेलात दिवसातून अनेकदा गिनती होते. कैद्यांनी जोडी-जोडीने उकिडवं बसायचं आणि हवालदाराने मोजत जायचं. उभी हयात मोजण्यात गेलेल्या झनकभाऊंना रस्त्यावरही चैन पडायचं नाही. कुठे थांबलो की ते ओरडायचे, "गिनतीSS!" पोरं हसत हसत जोड्यांनी बसायची. कोहमाऱ्याच्या नाक्यावर, ट्रकवाल्यांच्या एका ढाब्यापुढे आम्ही थांबलो. झनकभाऊंना धरून पंधरा जण होतो. झनकभाऊ ओरडले, आम्ही चौदा जण बसलो. त्यांनी मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पंधरा. गिनती कमी भरली तर घंटा वाजवायची हे नियमात आहे. जास्त भरली तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

रांगेच्या शेवटी, जोडीदार नसलेला, खांद्यावर फडकं टाकलेला एक माणूस उकिडवा बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. ढाब्यावर भांडी घासणारा. आमचाच जुना कैदी.

पोरं हसायला लागली होती, ती एकेक करून मागे वळून बघू लागली. तो माणूस शरमून उठला. "आवाज आयकलो अन् बसलोच जी."

"सुटून किती झालं?" झनकभाऊंनी विचारलं.

"दोन पावसाळे."

"अन् घर?"

"नाही गेलो जी. सुटलो तवा गेटवर कोनी नव्हतं. बसमधी बसलो. अथी बस थांबली, चाय प्यायले उतरलो."

"मंग?"

"मंग अथीच राहिलो."

"गाव किती दूर?"

"दोन घंटे. एकट्यानं पाय नाही उचलत जी. गावात शिराले कोनी संग पायजे."

झनकभाऊंचा हात आपोआप मागच्या सीटवर गेला. लाल रेक्झिन झटकलं त्यांनी. तुरकर हळूच म्हणाला, "काका, नियम." हात तिथेच थांबला. झनकभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मी मात्र जेवलो, आणि त्याची लाज अजून वाटते.

परतताना मी त्यांच्या मागे बसलो होतो. वाऱ्यात ओरडून म्हणाले, "बाबू, किती सुटले माह्या हातून! दरवाजा उघडून दिलो, जाय म्हनलो, अन् दरवाजा लावलो. कोन कुठी गेला, मले काय मालूम? एकाले तरी घरापावतो नेऊन सोडाचं हाये. एकाले."

पुढच्या महिन्यात ते मुद्दाम साहेबांची तोंडी परवानगी काढून कोहमाऱ्याला गेले. ढाबेवाला म्हणाला, वह तो गया, एक ट्रक के साथ रायपूर की तरफ. झनकभाऊंनी ते मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा सकाळी आणि मग संध्याकाळी, जणू सकाळी सांगितलंच नव्हतं.

मंडळ वाढलं. कुणाची बायको, कुणाचा आंधळा बाप, कुणाची तान्ही पोर घेतलेली वहिनी. नऊ वाजता जेलासमोर मोटरसायकलींची रांग लागायची आणि मोहाखाली लुगडी, धोतरं उतरायची. तुरकरच्या गाडीवरची कवटी एका आजीने बघितली आणि 'हे कोनाचं रे बापा?' असं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिथे तिरंगा.

पर्बताबाईचं एकच मागणं असायचं. "त्याची सुटी होईल त्या रोजी मले आन. येताना मी बसतो, जाताना त्याले बसव. मी मागून पायी येतो." झनकभाऊ म्हणायचे, "त्याले नाही बसवता येत, माय. तू ये, दोघंही बसनं जा." ती म्हणायची, "बस काय, बैलबंडीनं जाऊ. मी गेटवर उभी राहीन, बस्स."

धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी झनकभाऊ तिला आणायला गेले आणि एकटेच परत आले. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, चार दिवस झाले. धानाच्या बांधीवरून आली, निजली, उठली नाही. गावातून कळवायला फोन केला होता म्हणे, तो कुणी उचलला नाही. जेलातला फोन. माझ्या टेबलावरचा.

चैतरामला सांगायचं काम झनकभाऊंनी घेतलं. मी दाराशी उभा होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. रडला नाही. एवढंच विचारलं, "मंग मले न्यायले कोन येईल?"

झनकभाऊ दरवाज्यावर आले, नळ सोडला आणि कुणाचाही डबा आलेला नसताना हात धुवत राहिले.

चैतरामच्या सुटकेचा दिवस निघाला तो महिनाअखेरचा. झनकभाऊंच्या निवृत्तीचाही तोच. यात दैव वगैरे काही नाही, सरकारी माणूस महिनाअखेरीलाच निवृत्त होतो. फक्त घोळ असा होता, की कैदी सकाळी सुटतो आणि नोकर संध्याकाळी.

सकाळी आठच्या सुमारास चैतराम छोट्या दारातून वाकून बाहेर आला. हातात गाठोडं. झनकभाऊंनी दार उघडून दिलं आणि मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "तथी बस. मी येतो." आणि दार लावून घेतलं.

मंडळी, सुटलेला कैदी दिवसभर जेलासमोर आपल्या मर्जीने बसलाय, असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. बसेस गेल्या. ऊन फिरलं तसा तो झाडाभोवती फिरला. शिपाई बघून न बघितल्यासारखं करायचे. त्याला चहा कुणी द्यायचा? नियम. मी कप घेऊन फिरायला म्हणून बाहेर गेलो, अर्धा प्यालो आणि कप तिथेच विसरलो. असे मी दिवसात तीन कप विसरलो. एकदा पोहेसुद्धा विसरलो.

दुपारी साहेबांनी मला खिडकीशी बोलावलं. "तो इसम अजून का बसलाय?"

"वाट बघतोय, सर."

"कुणाची?"

"आपल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याची."

"आज तर कुणी निवृत्त झालेलं नाही."

"पावणेसहाला होईल, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी बाहेर मंडळाच्या सगळ्या गाड्या उभ्या होत्या. झेंडूच्या माळा, फुगे, आणि तुरकरने कुठूनतरी आणलेला बँड. काकांना वाजतगाजत घरी न्यायचं ठरलं होतं. पावणेसहाला झनकभाऊंनी किल्ल्या, शिट्टी आणि पट्टा जमा केला, माझ्या रजिस्टरात सही केली आणि दारातून बाहेर आले. साहेबांनी हार घातला. बँडवाल्याने कर्णा तोंडाला लावला. झनकभाऊ गर्दीतून वाट काढत सरळ आपल्या फटफटीकडे गेले, तिसऱ्या किकला ती चालू केली आणि झाडाकडे बघून म्हणाले, "चाल, चैतराम. बस मागं."

कर्णा तोंडाला लागलेलाच राहिला. तुरकर पुढे आला. "काका, अन् मिरवनूक?"

"तुमाले नाही येता येत ना गा. तुमी नोकरीत हाये."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, "सहाला दहा कमी. ते आता आपले कर्मचारी नाहीत." आणि मग जरा खालच्या आवाजात, "रस्ता द्या."

माळा घातलेल्या गाड्या मागे सरकल्या. चैतराम त्या लाल सीटवर अंग चोरून बसला. दोन्ही हातांनी गाठोडं पोटाशी धरलेलं. समोरच्या माणसाला कुठे धरावं हे त्याला कळत नसावं, किंवा धरायची छाती होत नसावी. गेटपुढच्या उंचवट्यावर गाडी उसळली आणि तो कलंडलाच. झनकभाऊंनी मागे वळून न बघता डावा हात हँडलवरून काढला, मागे चाचपला, त्याचं मनगट सापडलं तसं पुढे ओढलं आणि आपल्या पोटावर, हाराच्या वरच, दाबून ठेवलं.

गाडी कालव्याच्या पुलाकडे निघाली. दोन्ही बाजूला कापलेल्या धानाच्या बांध्या, आणि मध्ये ती खोकणारी फटफटी लहान होत चाललेली. पुलाच्या चढावर पोचल्यावर त्या मागच्या माणसाने गाठोडं दोघांच्या मध्ये सरकवलं, आणि दुसरा हातही पुढे घेतला.